लॅबमधलं फिजिक्स एमआयडीसीपर्यंत कसं न्यायचं

खान्देशातल्या कुठल्याही जुन्या सायन्स कॉलेजच्या फिजिक्स डिपार्टमेंटला जा, एखाद्या कपाटात टिन ऑक्साइडचे नाहीतर झिंक ऑक्साइडचे सॅम्पल, मार्करने नंबर टाकलेल्या छोट्या पाकिटांत, पडलेले असतातच. पीएचडी झाली, पेपर आले, पोरगा कुठेतरी नोकरीला लागला आणि सॅम्पल तिथंच राहिले. अमळनेरच्या प्रताप कॉलेजात थिक फिल्म गॅस सेन्सरवर वर्षानुवर्षं काम झालंय, जळगावच्या विद्यापीठात मटेरियल्सवर काम चालू असतं, म्हणजे आपल्याकडे माल नाही असं अजिबात नाही. आणि दुसऱ्या बाजूला बघा, केळी आहे, जिनिंग आहे, दालमिल आहेत, पाइप आणि ठिबकचे कारखाने आहेत, साक्रीला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे, दीपनगरला औष्णिक केंद्र आहे. दोघांमध्ये अंतर किती, तर रिक्षाने अर्धा तास. तरी भेट होत नाही. ती कशी घडवायची ते सांगतो, एकच उदाहरण धरून सांगतो म्हणजे हवेत राहणार नाही.

समजा तुमच्याकडे गॅस सेन्सर आहे. टिन ऑक्साइडचा थर ॲल्युमिनाच्या पट्टीवर स्क्रीन प्रिंट केलेला, खाली हीटर, दोनशे ते चारशे डिग्रीला तापवायचा. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन ओढून घेतो म्हणून रेझिस्टन्स वाढलेला असतो, फळं पिकवणाऱ्या इथिलीनसारखा गॅस आला की तो त्या ऑक्सिजनशी रिॲक्ट होतो, इलेक्ट्रॉन परत मिळतात, रेझिस्टन्स पडतो. पेपरमध्ये तुम्ही सेन्सिटिव्हिटी दाखवली, रिस्पॉन्स टाइम दाखवला, ग्राफ देखणा आला. आता केळीच्या रायपनिंग चेंबरला, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीला, हे विकता येईल असं डोक्यात आलं. विचार एकदम बरोबर आहे, कारण कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे आणि एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) इथिलीनला १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, परवानगी दिलेली आहे, म्हणजे चेंबरवाल्याला गॅस किती आहे हे कळायला पाहिजेच.

पण ब्रोशर छापायच्या आधी, पेटंटच्या आधी, फंडिंगच्या आधी त्या चेंबरमध्ये जाऊन उभं राहायचं. रावेर-सावदा भागात एखाद्या ओळखीच्या माणसाला धरा, मालकाला आधी फोन करून जा, आणि गाडी लोड करायच्या घाईच्या वेळी जाऊ नका. आत सोळा-अठरा डिग्री तापमान असतं, दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर, क्रेटची थप्पी छतापर्यंत, पंख्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, फरशी ओली. कोपऱ्यात इथिलीन जनरेटर. बऱ्याच जनरेटरमध्ये इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, टाकतात आणि कॅटॅलिस्टवर त्याचं इथिलीन होतं. इथंच थांबून विचार करा. न बदललेली इथेनॉलची थोडी वाफ आत आली तर तुमचा टिन ऑक्साइड तिला इथिलीनपेक्षाही जास्त उत्साहाने रिस्पॉन्स देणार. वरून नव्वद टक्के ओलावा, पाण्याची वाफ त्याच पृष्ठभागावर जाऊन बसते. लॅबमध्ये कोरड्या हवेत काढलेला तो सुंदर ग्राफ या खोलीत टिकणार नाही, आणि हे तुम्हाला त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कुणी सांगणार नाही, पेपर तपासणारा रेफरी तर नाहीच नाही.

मग कामगारांकडे बघा. माल निघाल्यावर चेंबर पाइपने धुतात, पाणी कुठे कुठे उडतं ते बघा, तुमची सेन्सरची डबी तिथेच लागणार आहे. वायर कुठून न्यायची, उंदीर कुठून येतो, लाइट गेली की विजेचा जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो आणि तेवढ्यात हीटर थंड झाला तर बेसलाइन, म्हणजे गॅस नसतानाचं रीडिंग, परत जागेवर यायला किती वेळ लागेल. आणि सध्या ते गॅसचा अंदाज कसा घेतात हे विचारा. बहुतेक ठिकाणी एक अनुभवी माणूस असतो, तो बॅटरी मारून सालीचा रंग बघतो, दार कधी उघडून हवा बदलायची ते ठरवतो, कारण केळी श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो टक्काभर झाला की पिकणं मागे पडतं. त्या माणसाला तुमचं यंत्र आपली जागा घेणार असं वाटलं तर ते यंत्र महिन्याभरात ‘बिघडेल’, म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला सोबत घ्या, त्याच्याकडून शिका, त्याचा मान ठेवा.

मालकाशी बोलताना सेन्सिटिव्हिटी, नॅनो, क्रिस्टलाइट साइझ हे शब्द काढूच नका. तो शांतपणे ऐकेल आणि शेवटी विचारेल, ‘‘ठीक हाये सर, पन पुढच्या सीझनले चालीन का हे? अन् बंद पडलं त कोन येईन?’’ हे दोन प्रश्न वहीत लिहून घ्या, तुमचं पुढचं दोन वर्षांचं संशोधन त्यातच आहे. पेपरमध्ये आपण जो आकडा मिरवतो तो आणि गिऱ्हाईक ज्या आकड्याचे पैसे देतो तो, हे दोन वेगळे आकडे असतात. त्याला पाहिजे ड्रिफ्ट किती, सहा महिन्यांत रीडिंग किती सरकतं, दहा नग घेतले तर दहाही सारखं दाखवतात का, कॅलिब्रेशन (रीडिंग प्रमाणाशी जुळवून घेणं) कोण करणार, दुरुस्तीला माणूस किती वेळात येणार. माझ्या मते ज्या ग्रुपने हा दुसरा आकडा शोधायला सुरुवात केली त्याचं अर्धं काम झालं.

मेटल ऑक्साइड सेन्सर बाजारात पहिल्यांदा कसा आला ते बघण्यासारखं आहे. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट १९६२ साली मागितलं, आणि १९६९ मध्ये फिगारो कंपनी उभी राहिली. वापर कुठला, तर घरात गॅस लीक झाला की वाजणारा अलार्म. त्याला अचूक पीपीएम लागत नाही, गॅस धोक्याच्या आसपास आला की वाजलं पाहिजे एवढंच. म्हणजे सेन्सरची जी कमजोरी होती ती ज्या कामात आड येत नाही असं काम निवडलं गेलं. तुम्हीही हेच करा. चेंबरमध्ये अचूक १०० पीपीएम मोजणं जमत नसेल तर ‘गॅस अजिबात सुटलेलाच नाही’ किंवा ‘दार नीट लागलेलं नाही, गॅस गळतोय’ एवढं खात्रीने सांगणारी डबी करा, तीही उपयोगाची आहे, रात्री दोन वाजता कुणाला तरी फोनवर मेसेज गेला तर पूर्ण चेंबरचा माल वाचतो.

आता पेटंट. इथं आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि फक्त क्रम चुकल्यामुळे होतं. आधी पेटंट अर्ज, मग पेपर, मग कॉन्फरन्स, मग थीसिस. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पोस्टर लावलं, शोधगंगेवर, म्हणजे थीसिसच्या ऑनलाइन भांडारात, थीसिस चढला, इन्स्टाग्रामवर प्रोटोटाइपचा व्हिडिओ टाकला, हे सगळं जगजाहीर करणंच आहे. कायद्यात काही ठरावीक प्रकारच्या प्रदर्शनासाठी आणि विद्वत्सभेतल्या वाचनासाठी १२ महिन्यांची सूट आहे पण तिच्या भरवशावर राहू नका, परदेशात तर बऱ्याच ठिकाणी तेवढीही मिळत नाही.

हा क्रम किती मोलाचा आहे ते जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने रेझिस्टन्स खूप बदलण्याच्या इफेक्टच्या, गोष्टीत दिसतं. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर्त आणि जर्मनीत युलिशला पीटर ग्रुनबर्ग या दोघांच्या ग्रुपना स्वतंत्रपणे तोच इफेक्ट सापडला. ग्रुनबर्ग यांनी पेपर छापायच्या आधी पेटंटचा अर्ज टाकला. पुढे १९९७ पासून आयबीएमच्या हार्ड डिस्कमध्ये तो इफेक्ट वापरणारे रीड हेड आले आणि लायसन्सचा पैसा युलिशच्या संस्थेला मिळाला. २००७ चं नोबेल दोघांना मिळालं, लायसन्सची कमाई मात्र एकाच संस्थेकडे गेली. आपला शोध एवढा मोठा नसेल, नियम तोच आहे.

खर्चाची भीती काढून टाका. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट फीमध्ये ८० टक्के सूट आहे, ऑनलाइन अर्जाची मूळ फी १६०० रुपये पडते, ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत (क्लेम म्हणजे नेमका कशावर हक्क सांगतोय ते वाक्य). वकिलाची किंवा पेटंट एजंटची फी वेगळी, ती मात्र द्या, क्लेम लिहिणं हे आपलं काम नाही. हातात पूर्ण डेटा नसेल तर प्रोव्हिजनल अर्ज टाका, तारीख तुमच्या नावावर पक्की होते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. ते १२ महिने चेंबरमधल्या टेस्टिंगसाठी वापरा, पेपर लिहिण्यासाठी नाही. आणि २०२४ च्या नियमांनंतर तपासणीची विनंती ३१ महिन्यांत करावी लागते, पूर्वी ४८ होते, जुन्या माहितीवर बसून राहिलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. ही तारीख डिपार्टमेंटच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण क्लार्क बदलतो, एचओडी बदलतात आणि तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही.

फिजिक्सवाल्यांनी एक कलम मुद्दाम वाचावं, पेटंट कायद्याचं ३(ड). माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप पेटंट होत नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात पार्टिकल साइझचा उल्लेख आहे. म्हणजे ‘आम्ही टिन ऑक्साइड नॅनो केलं’ एवढ्यावर भागणार नाही. ओलावा असतानाही इथिलीन ओळखणारी रचना, दोन सेन्सरची जोडी, हीटरचं तापमान बदलत ठेवायची पद्धत, अल्कोहोलची वाफ आधीच अडवणारा फिल्टर, असं उपकरण किंवा प्रक्रिया क्लेम करा. गंमत बघा, चेंबरमध्ये उभं राहिल्यावर जे प्रॉब्लेम दिसले त्यांची उत्तरं म्हणजेच तुमचे सगळ्यात दमदार क्लेम.

इन्व्हेंटर म्हणून नाव कोणाचं? ज्याने डोकं चालवलं त्याचं. ज्या एमएस्सीच्या पोरीने फिल्टरची कल्पना काढली तिचं नाव आलंच पाहिजे, आणि केवळ खुर्चीवर आहेत म्हणून कुणाचं नाव टाकू नका, उद्या वाद झाला तर पेटंटच अडचणीत येतं. मालकी कुणाची हे विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या आयपीआर (बौद्धिक संपदा) पॉलिसीत बघा, संस्थेची पॉलिसीच नसेल तर आधी ती करून घ्या, हे काम कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय कुठलीही धड कंपनी तुमच्याशी करार करणार नाही.

लॅबमधला एक नग ते विकण्याजोगे पन्नास नग, हा टप्पा लोक फार हलका समजतात. तंत्रज्ञान किती तयार झालंय ते मोजायची, नासाने सुरू केलेली टीआरएल नावाची पट्टी आहे, १ ते ९, १ म्हणजे तत्त्व कळलं, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालं. आपले बहुतेक पेपर ३ किंवा ४ वर थांबतात. तिथून पुढे जायला साधी परीक्षा सांगतो: तोच सेन्सर तीन वेगळ्या पोरांना, एकमेकांशी न बोलता, लिहून दिलेल्या पद्धतीने करायला लावा. पावडर खलात घोटायला किती वेळ, पेस्टमध्ये बाइंडर किती, भट्टीचा चढ मिनिटाला किती डिग्री, सगळं कागदावर. तिघांचे रेझिस्टन्स जवळपास आले तर तुमच्याकडे प्रोसेस आहे. नाही आले तर तुमच्याकडे फक्त एका विद्यार्थ्याचा हात आहे आणि तो पुढच्या वर्षी पुण्याला जाणार आहे. नंतर काही नग महिनोन्महिने सतत चालू ठेवा, रोज बेसलाइन नोंदवा, मे महिन्यात भुसावळचं ४५ डिग्री आपल्याला फुकट मिळतं, डबीतलं इलेक्ट्रॉनिक्स त्या दिवसांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून बघा. लॅबमध्ये नसलेलं उपकरण लागलं तर आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं बुक करता येतात, त्यासाठी दोन वर्षं ग्रँटची वाट बघू नका.

सीझनचं गणित विसरू नका. केळीचं चेंबर तरी वर्षभर चालतं, पण तुमचं काम कपाशीच्या ओलाव्याचं असेल तर जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये मशिनी थंड असतात, मालकाला वेळ असतो, तेव्हा जाऊन जागा बघा, ब्रॅकेट वेल्ड करा, वायरिंग करा. नोव्हेंबरमध्ये कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना गेलात तर गेटवरूनच परत पाठवतील, आणि त्यांचं बरोबर आहे. तिथं अजून एक गोष्ट आहे, सीसीआयच्या (कॉटन कॉर्पोरेशनच्या) खरेदीत ८ टक्के ओलावा धरून भाव ठरतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते. म्हणजे तुमच्या मीटरच्या एका टक्क्यावर शेतकऱ्याचे पैसे कमी-जास्त होतात. ज्या यंत्राच्या रीडिंगवर मालाचा भाव ठरतो ते यंत्र वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) २००९ च्या कायद्यात बसतं का, मंजुरी लागते का, हे विक्रीआधी वैधमापन कार्यालयात लेखी विचारा, आणि एनएबीएल मान्यता (लॅबसाठीची राष्ट्रीय मान्यता) असलेल्या लॅबकडून कॅलिब्रेशन करून घ्या. शेतकऱ्याच्या तोंडचा घास आहे तो, इथं ‘साधारण बरोबर’ चालत नाही.

पैसे कुठून आणायचे हे सगळे पहिल्यांदा विचारतात, मी मुद्दाम इतक्या खाली लिहितोय. प्रोटोटाइपसाठी डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची) निधी-प्रयास योजना आहे, मान्यताप्राप्त इन्क्युबेशन सेंटरमार्फत (नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत) १० लाखांपर्यंत. कंपनी नोंदवली असेल तर २०२१ ला आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड स्कीममध्ये कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत ग्रँट अशी तरतूद होती. कॉल चालू आहे का, कुठल्या सेंटरला अधिकार आहेत, ते अर्ज करायच्या वेळी बघून घ्या. सुरुवातीला जळगावच्या विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरला जाऊन भेटा. आणि प्रपोजलमध्ये चेंबरवाल्याचं एक पत्र जोडा, ‘आमच्याकडे ट्रायल घ्यायला आम्ही तयार आहोत, वीज आणि माणूस देऊ’ असं त्याच्या लेटरहेडवर. माझ्या दृष्टीने हे एक पत्र दहा पेपरपेक्षा वजनदार आहे.

आता भागीदारी. आपल्याकडे एमओयूचा (सामंजस्य कराराचा) फार सोस आहे, शाल, श्रीफळ, फोटो, नॅकच्या फाइलला एक कागद, आणि पुढे काहीच नाही. एमओयू म्हणजे फक्त इच्छा. काम करायचं असेल तर कुठला करार पाहिजे ते ओळखा. कंपनीचा प्रॉब्लेम तुमच्या ज्ञानाने सोडवून द्यायचा तर कन्सल्टन्सी, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून कोटेशन द्या. कंपनी पैसे देणार आणि तुम्ही नवीन संशोधन करणार तर स्पॉन्सर्ड रिसर्चचा करार. तुमचं पेटंट त्यांनी वापरायचं तर लायसन्स. आणि या सगळ्याच्या आधी, आतली गोष्ट दाखवायच्या आधी, गोपनीयतेचा करार.

स्वतः कंपनी काढायची का? केंद्राच्या २०१९ च्या नॅशनल इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसीने प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघांनाही रस्ता मोकळा केलाय, संस्थेने तिच्या सोयी आणि पेटंट वापरल्याबद्दल २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं त्यात सुचवलंय. पण मनापासून सांगतो, ज्या सरांना शिकवायचंय आणि संशोधन करायचंय त्यांनी विक्री, वसुली आणि दुरुस्तीत उतरू नये. जळगाव, नाशिक, पुण्यात छोटी इन्स्ट्रुमेंट बनवणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे पीसीबी आहे, डबी आहे, सर्व्हिसचा माणूस आहे, त्यांना नवीन प्रॉडक्ट पाहिजे असतं. त्यांना लायसन्स द्या. विद्यार्थ्याला मात्र कंपनी काढायची असेल तर त्याच्या मागे उभे राहा, घरच्यांशी जाऊन बोला, ‘‘दोन वर्षं द्या याला काका’’ असं सरांनी सांगितलं तर घरात ऐकतात.

लायसन्सच्या कागदात काही गोष्टी हट्टाने बघायच्या. रॉयल्टी विक्रीवर ठरवा, नफ्यावर नाही, नफा कागदावर कितीही कमी दाखवता येतो. सगळ्या वापरांचे हक्क एकालाच देऊ नका, केळीच्या चेंबरपुरते द्या, उद्या एलपीजी गोडाउनवाला आला तर दार उघडं राहील. एकालाच पूर्ण हक्क द्यायचे असतील तर अमुक तारखेपर्यंत विक्री सुरू झाली नाही तर हक्क परत, हे लिहून घ्या, नाहीतर पेटंट त्यांच्या कपाटात झोपतं. पेटंटची रिन्युअल फी कोण भरणार ते लिहा. पेपर छापायचा हक्क सोडू नका, कंपनीला साठ ते नव्वद दिवस आधी वाचायला देऊ असं कलम टाका, विद्यार्थ्याची पीएचडी अडकता कामा नये. रॉयल्टीतला इन्व्हेंटरचा वाटा विद्यार्थी कॉलेज सोडून गेला तरी त्याच्या खात्यावर जाईल असंही लिहा, आणि त्याचा पर्मनंट पत्ता, पॅन, बँक खातं त्याच दिवशी फाइलला लावून ठेवा.

आणि ट्रायल फुकट देऊ नका. थोडी का असेना रक्कम घ्या, अगदी डबीच्या मटेरियलपुरती. पैसे दिलेला माणूस रीडिंग बघतो, बंद पडलं की फोन करतो, शिव्या देतो, आणि त्या फोनमधूनच पुढचं मॉडेल घडतं. ट्रायलच्या ठिकाणी एक वही टांगा, पेन दोऱ्याने बांधा, त्या रंग बघणाऱ्या माणसाला सांगा की रोज तुझा अंदाज आणि यंत्राचं रीडिंग शेजारी शेजारी लिही. दर पंधरवड्याला एका विद्यार्थ्याने तिथं जाऊन वहीचा फोटो काढायचा, सेन्सर शुद्ध हवेत काढून बेसलाइन तपासायची, जाळी पुसायची. केळीच्या दहा-बारा लॉटची अशी वही भरली की ती घेऊन लायसन्सवाल्या कंपनीकडे जा.